बंद म्हणजे नक्की काय?

भर दुपारी काचघराच्या खिडक्या आपोआप उघडायच्या आणि लगेच मिटायच्या. आत कलमं होरपळत होती. "आज ही कलमंही मेली तर तो कॉम्प्युटर उचलून अडगळीत टाकतो," असं म्हणून दादा तरातरा निघून गेला. वहिनी कॉम्प्युटरसमोरच बसून राहिली. खिडक्यांचा प्रोग्राम तिनं लिहिला होता, आयुष्यातला पहिलावहिला. बाकीचा माझा. म्हणजे घोळ तिचाच, असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. मीसुद्धा.

"सरक, मी बघते," मी वहिनीला म्हटलं.

"बघ बाई. मला नाही जमायचं हे. आजपासून सोडलं मी." असं म्हणत ती बाजूला सरकली.

पण गंमत म्हणजे चूक सापडेना! मी यंत्र नावाचा मूळ क्लास, म्हणजे सगळ्या यंत्रांचा एक सामाईक साचा, लिहिला होता. पंखा, पंप, खिडकी ही सगळी त्याची लेकरं. आईकडे जो हुकूम असेल तो लेकराला आयता मिळतो. पण लेकरानं त्याच नावाचं स्वतःचं काही लिहिलं, की आईचं मागे पडतं. वहिनीची खिडकी मी बाकीच्या प्रोग्रामशिवाय, सुटी चालवून पाहिली. शहाण्यासारखी उघडली, शहाण्यासारखी मिटली. मग दुपारीच हिच्या अंगात काय येतं?

"ऊन वाढलं की तुझं यंत्र काय करतं गं?" वहिनीनं हळूच विचारलं.

"खिडकीला उघड म्हणतं. उघडली की मोटार उगाच तापायला नको, म्हणून बंद म्हणतं."

"बंद म्हणजे?"

"अगं, बंद म्हणजे बंद! वीज तोडायची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि मी बंद लिहिलंय ते झडप मिटायला!"

अगं आई गं! दोघींचा शब्द एकच. माझं यंत्र म्हणत होतं वीज तोड, आणि तिची खिडकी बिचारी सांगितल्याबरहुकूम मिटत होती. मला हसू आवरेना. लाजही वाटली, खोटं कशाला बोलू?

मी कीबोर्डकडे हात नेला.

"हात काढ," वहिनी म्हणाली. "खिडकी माझी आहे."

तिनं स्वतःच्या बंदचं नाव बदलून मिट केलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. खिडक्या करकरत उघडल्या. आम्ही दोघी बघत होतो. उघड्याच राहिल्या. कलमांवरून वारा गेला तशी वहिनीनं डोळे पुसले आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

"आता तो पंख्याचा क्लास दाखव," ती म्हणाली. "तिथं तू काय काय बंद करून ठेवलंयस, बघू दे मला."