टाकीचं झाकण

गाडी बरोबर दहा मिनिटं चालायची आणि बंद पडायची. इंदरगंजच्या चौकात, भर गर्दीत, दोनदा पडली. अर्धा तास थांबलं की सुरू व्हायची आणि पुन्हा दहा मिनिटं चालायची. मिस्त्रीने फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप नवा बसवला, कारबोरेटर धुतला आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "मैडम, अब इसे बेच दो."

शामलाला ती विकायची नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली तिच्या थोरल्या भावाने, मधुदादाने, ती घेतली होती. दोघांनीही लग्न केलं नाही. दौलतगंजातल्या घरात दोघंच राहायची; बाहेर सगळी हिंदी, मराठी एकमेकांशी. ती शाळेत गणित शिकवायची, तो छापखान्यात होता. रविवारी तो बॉनेटमध्ये वाकायचा आणि ती स्टिअरिंगपाशी बसायची. "मार!" म्हटलं की चाबी फिरवायची, "बस!" म्हटलं की सोडायची. पस्तीस वर्षं तिच्याकडे एवढंच काम होतं. पलीकडे काय चालतं ते तिला दिसायचं नाही, उघडलेलं बॉनेट आड यायचं.

मार्चमध्ये दादा गेला. दिवाळीनंतर गाडी रुसली.

दादाचं एक म्हणणं तिच्या कानात होतं: पेट्रोलचं दुखणं असेल तर अंदाज करू नये, धार बघावी. कारबोरेटरला येणारा पाइप काढायचा, बाटलीत सोडायचा आणि सेल्फ मारायचा. तिने पाइप काढला, बाटली ठेवली, चाबी फिरवली आणि धावत पुढे आली. तोवर बाटलीत थोडं पेट्रोल जमलेलं होतं; ते जोरात आलं की रडतखडत, हे बघायला कोणी नव्हतं. या कामाला माणसं दोन लागतात, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

वरच्या मजल्यावर गरिमा भाड्याने राहायची. बँकेत नोकरी, वय सव्वीस. ती जिना उतरत असताना शामलाने तिला गाठलं.

"गरिमा, पाच मिनिटं बसतेस का गाडीत? नुसती चाबी फिरवायची."

"मावशी, मला साडेनौला पोहोचायचं आहे, पण चला, जल्दी करू."

शामला पहिल्यांदाच बॉनेटच्या या बाजूला उभी राहिली.

"मार!"

पाइपातून पेट्रोलची पिचकारी बाटलीत आदळली. ठोक्याठोक्याने, भरपूर.

"बस!"

"हो गया? ठीक आहे ना?"

"आत्ता ठीक आहे गं. पण गाडी आत्ता थंड आहे. ही दहा मिनिटं चालू देऊ, बंद पडली की परत बघू."

"अरे नाही मावशी, मेरी मीटिंग आहे. संध्याकाळी पक्का." आणि ती स्कूटीवरून गेलीसुद्धा.

संध्याकाळपर्यंत शामलाला थांबवेना. तिने पाइप जोडून गाडी चालू ठेवली. अकराव्या मिनिटाला गाडी आचके देत बंद पडली. तिने चटकन पाइप काढून बाटलीत सोडला, मोबाइल विटेला टेकवून त्याचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आत बसून चाबी फिरवली. मग बाहेर येऊन बघितलं. मोबाइलवर धार नव्हतीच. नुसते थेंब, तेही थांबत थांबत.

म्हणजे पंप ओढत होता, पण पेट्रोल येत नव्हतं. मग अडचण पंपाच्या मागे. ती टाकीपाशी गेली आणि झाकण फिरवलं.

सूऽऽऽ. टाकीने एवढा मोठा श्वास आत घेतला की ती दचकली.

झाकण तसंच उघडं ठेवून तिने पुन्हा रेकॉर्डिंग केलं. या वेळी सकाळसारखीच पिचकारी. ती हातातल्या झाकणाकडे बघत राहिली. दिवाळीत जुनं झाकण हरवलं म्हणून तिने हे आणलं होतं, नवं, चकचकीत, कुलुपाचं. त्याला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यायला हवी. ती येत नव्हती, अर्धा तास थांबलं की कुठे तेवढी झिरपायची.

तिने ते दोन्ही व्हिडिओ परत लावले. दोन्हींत, सेल्फच्या आवाजाच्या आधी, गाडीतून कोणीतरी ओरडत होतं, "मार!" आणि मग, "बस!" आवाज तिचाच होता. आपण ओरडलो हे तिला आठवतच नव्हतं.

तिने व्हिडिओ गरिमाला पाठवले, खाली लिहिलं, 'सापडलं.' तासाभराने एक अंगठा आला.

दुपारी दुकानदाराने भोकाचं झाकण काढून दिलं. काय झालं होतं ते त्याने विचारलं नाही. तिने सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

घरी जायचं काही कारण नव्हतं. ती तिघऱ्याच्या धरणाच्या रस्त्याला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पाऊण तास झाला. गाडी एकदाही अडखळली नाही. धरणाजवळ एक म्हातारा अमरूदवाला पेरूंची टोपली घेऊन बसला होता.

"माताजी, अकेली आई हो? इतनी पुरानी गाड़ी में?"

आणि शामला बोलायला लागली. मिस्त्री, बाटली, थेंब, टाकीचा तो सूऽऽऽ आवाज, झाकण. म्हातारा अमरूद तोलता तोलता ऐकत होता. आवाजाशी आल्यावर तो मनापासून हसला, "अच्छा! साँस ही नहीं मिल रही थी!" तेवढ्यात दुसरी गाडी थांबली आणि तो तिकडे वळला.

ती गाडीत बसून मीठ लावलेल्या फोडी खात राहिली. पाण्यावर ऊन उतरत होतं. जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं. मराठीत सांगायचं तेवढं राहिलं होतं.