शेगडीवरची नळी

प्यो मालकांचा डुकराच्या चरबीवर गाढ विश्वास होता. कारखान्यात कसलीही वाफ नाकातोंडात जावो, महिनाअखेरीस पोटाचं चरबीदार मांस भाजून खाल्लं की सगळं विष घशातून घसरून जातं, असं त्यांचे वडील सांगत. शिहुंग शहरातल्या त्या कारखान्यांच्या गल्लीतले निम्मे मालक हेच सांगत. त्यात मास्कचा आणि वाफ ओढणाऱ्या पंख्याचा खर्च वाचे, वर मालक उदारही ठरत.

ओक-बुनने ही चरबी वर्षानुवर्षं इमानेइतबारे खाल्ली. तिचं काम म्हणजे कुलपांचे सुटे भाग द्रावणाच्या टबात बुडवून त्यांचं तेल काढायचं. भाग लख्ख निघत आणि ओक-बुनचं डोकं गरगरे. या हिवाळ्यात तर नाकानेच राजीनामा दिला. सडलेला मुळा ती मिटक्या मारत खात होती, तोच लेकीने ताट हिसकावलं. तेव्हा ती खरी घाबरली. आज नाक गेलं, उद्या काय जाईल कोणाला ठाऊक. तिने टबावर पंखा मागितला.

मालक म्हणाले, "ओक-बुन बाई, तुम्ही मांस कमी खाता. या वेळी दोन ताटं घ्या."

म्हणून महिनाअखेरीच्या त्या संध्याकाळी कामावरून सुटून मालकांसकट सगळे बोंग मावशीच्या खानावळीत बसले. मावशीने टेबलाच्या मधली शेगडी पेटवली, वर मांस मांडलं आणि छतातून लोंबणारी पत्र्याची नळी थेट मांसावर ओढली. धूर निमूटपणे नळीत शिरला.

"मावशी, ही नळी कशाला गं?" ओक-बुनने विचारलं.

"अगं, गिऱ्हाइकांच्या कोटाला वास लागतो ना!"

इतकी वर्षं ही नळी डोक्यावर होती आणि ओक-बुनला ती कधी दिसली नव्हती. तिला स्वतःचा राग आला, मग मालकांचा आला, आणि मालकांचा जास्त आला. घरी धुवायला नेत असलेले, द्रावणाने भिजलेले कामाचे सुती हातमोजे पिशवीत होते. तिने पिशवीची गाठ सोडून ते मालकांच्या ताटाशेजारी ठेवले. तिला स्वतःला कसलाच वास आला नाही, म्हणून ती इतरांची तोंडं बघत राहिली.

शेजारी बसलेल्या कामगार म्योंग-र्येने नाक दाबलं. "ताई, बांधा हो ते परत!"

मावशी धावत आली. "हे कसलं विष आणलंस? बाहेर काढ! इथे माणसं बसतात!"

"माझ्या टबापाशीही माणूसच बसतं, मावशी."

मावशीने हातमोज्यांकडे पाहिलं, मग मालकांकडे. "काय हो प्यो, तिथे नळी नाही?"

मालक मन लावून मांस परतू लागले.

"अस्सं. मग तुम्हाला इथेही नको." मावशीने हातमोजे पिशवीत कोंबून गाठ मारली, पिशवी दाराबाहेर ठेवली, परत आली आणि नळी छतापर्यंत ढकलली. धूर सरळ मालकांच्या तोंडावर गेला. "खा की आता. चरबी आहे ना घसा धुवायला!"

"लावतो!" मालक खोकत ओरडले. "टबावर नळी लावतो!"

"कधी?" ओक-बुनने विचारलं. मावशीचा हात अजून नळीवरच होता.

"सोमवारी! अहो बाई, सोमवारी!"

मावशीने नळी खाली ओढली. तोवर मांस पार करपलं होतं, सगळ्यांनी नाकं मुरडली. ओक-बुनने मात्र एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चवीने चावत म्हणाली, "का गं, खात का नाही कोणी?"