खिडकीजवळचा पाटा

आमच्या खोऱ्यात चढून येणाऱ्या माणसाला आधी धुराडं दिसतं. मग राखाडी ढिगारे दिसतात, ज्यांच्यावर चव्वेचाळीस वर्षांत गवताची काडी उगवलेली नाही. पाहुणे धुराड्याचे फोटो काढतात आणि ढिगाऱ्यांकडे बघून नाक मुरडतात. मी त्यांना तोंडावर सांगते, मुरडू नका. ते ढिगारे आम्ही घातलेत. त्यातला एकेक दगड कुणा ना कुणा बाईच्या हातातून गेलाय.

इथे शिशाची खाण होती, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बंद पडली. पुरुष आत उतरून दगड काढायचे, ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण काढलेला दगड तसाच भट्टीत जात नसे. तो आधी आमच्याकडे यायचा, निवडणीच्या शेडमध्ये. बारा दगडी पाटे, बारा बाया. पाट्यावर दगड धरायचा, हातोडीने फोडायचा, शिसं असेल तो तुकडा घमेल्यात लोटायचा, नसेल तो पायाशी. शिसं असलेल्याला आम्ही भारी म्हणायचो, नसलेल्याला फोल. सोळा वर्षं मी दिवसभर भारी-फोल केलं, आणि घरी जाऊन पुन्हा सुपात धान्य निवडलं. निवडण्यातून सुटका म्हणून नव्हती.

मागच्या महिन्यात सरकारचं वारसा खातं आलं. वारसा म्हणे! वारस जिवंत बसलेत ते काही त्यांना दिसले नाहीत. इंजिनघरात संग्रहालय होणार, मॅनेजरच्या बंगल्यात पाहुण्यांना चहा मिळणार, धुराड्याला रंग लागणार. आणि निवडणीच्या शेडवर पांढऱ्या चुन्याची फुली. तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी होती.

मी शुक्रवारी सकाळी काठी घेऊन तिथे गेले. खात्याचा एक तरुण साहेब शेडची मापं घेत होता. कंबरेला फीत, कानाला पेन्सिल. गावात सगळे त्याला फीतवाला म्हणत. बोलायला मऊ होता, ते मला आधीच आवडलं नाही. मऊ माणसाशी भांडताना आपणच वाईट दिसतो.

"आजी, आत येऊ नका, सोमवारी पाडायचंय हे," तो म्हणाला.

"का पाडायचंय?"

"तबेला आहे हो साधा. असे तबेले खूप आहेत."

"कसला तबेला?"

"घोड्यांचा. खाणीच्या जुन्या नकाशात तसं लिहिलंय." त्याने भिंतीतल्या लोखंडी कड्या दाखवल्या. "इथे घोडे बांधायचे. आणि हे दगडातले खळगे, यात चंदी घालायचे त्यांना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या हातोड्यांनी पाट्यात पाडलेल्या एका खळग्यात मी मूठ घातली. मूठ मावली, वर बोटभर जागा उरली.

"साहेब, घोड्याचं तोंड कधी जवळून बघितलंय? की तुमच्याकडचे घोडे सशाएवढे असतात?"

त्याच्याबरोबरचे दोन मजूर हसले. फीतवाला लाल झाला.

"आणि त्या कड्या माझ्या डोक्याच्या वर आहेत. घोड्यांना काय फाशी द्यायचे?"

"मग कशाला होत्या?"

"झोळ्या बांधायला. माझा थोरला त्या तिसऱ्या कडीला टांगून वाढलाय. आता त्याला टक्कल पडलंय, पण अजून कुठे हातोडीची ठकठक ऐकली की जांभया देतो."

मग मी त्याला नकाशाची गोष्ट सांगितली. खाणीत बायका ठेवायला मनाई होती. वरून तपासणीवाले यायचे तेव्हा मुकादम आम्हाला पोरांसकट मागच्या दाराने टेकडीमागे पाठवायचा आणि खालून तीन घोडे आणून शेडमध्ये उभे करायचा. नकाशा काढणाराही असाच कधी येऊन गेला असेल. आम्ही टेकडीमागे पोरांची तोंडं दाबून बसलो, आणि कागदावर घोडे गेले.

"हे कुठे लिहून ठेवलेलं आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या गुडघ्यांत."

तो हसला नाही. उलट पेन्सिल काढून नीट उभा राहिला. "आजी, मला पटतंय. पण खात्याला पुरावा लागतो. तुमचा पाटा कुठला होता?"

मी पापणीही न हलवता म्हणाले, "खिडकीचा."

सगळ्या शेडमध्ये एकच खिडकी. तिच्याखालचा पाटा म्हणजे राणीची जागा. दिवसभर उजेड, हिवाळ्यात पाठीला ऊन. अकरा वर्षांपूर्वी वर्तमानपत्रवाल्याने त्याच पाट्यावर बसवून माझा फोटो काढला होता. तो फोटो चौकटीत घालून माझ्या घरात लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवते.

फीतवाल्याने आपल्या पिशवीतून एक हातोडी काढली. "काम कसं करायचात, दाखवता?"

मी ऐटीत बसले. डाव्या हातात दगड धरला, उजव्या हातात हातोडी घेतली, आणि थांबले. हातोडी पडायची तिथे सपाट पाटा होता. खळगा भलत्याच बाजूला, डावीकडे. अंग वाकडं करून मारायला गेले तर कोपर भिंतीवर आपटलं. पुन्हा मारलं, दगड निसटून फीतवाल्याच्या बुटावर पडला.

त्याने दगड उचलून हळूच बाजूला ठेवला. "आजी, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "पण तुमचा हात या खळग्यात बसत नाही."

मजूर या वेळी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

आता खरं सांगते. तो पाटा माझा नव्हता. माझ्या नणंदेचा होता, आमच्या ह्यांच्या धाकट्या बहिणीचा. वन्सं डावऱ्या. त्यांनी सोळा वर्षं डाव्या हाताने ठोकून तो खळगा पाडला. फोटोवाला आला तेव्हा म्हणाला, आजी, उजेडात बसा. मी बसले. त्याने विचारलं, हीच तुमची जागा का? मी हो म्हणाले. एवढंच. पण फोटो छापून आला, खाली ओळ आली, शाळेतली पोरं येऊन ऐकून गेली, आणि सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. इतकं, की खळगा कुठल्या बाजूला आहे हेही मी विसरले.

वन्सं विसरल्या नव्हत्या. त्यांचं दार माझ्या दारासमोर, मध्ये हातभर गल्ली. फोटो आला त्या दिवसापासून त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. माझी चाहूल लागली की बादलीभर पाणी गल्लीत फेकायच्या. अकरा वर्षांत मी कोरड्या पायांनी चालायला शिकले.

शनिवार मी तशीच घालवला. सून म्हणाली, "आई, जाऊ दे ना ती पडकी शेड."

"तुझं स्वयंपाकघर उद्या कुणी तबेला म्हणून पाडलं तर जाऊ देशील?"

"इथला पसारा बघून म्हणेलही कुणी," ती म्हणाली. माझ्या हाताखाली राहून तिची जीभ बरी तयार झालीय.

रविवारी दुपारी मी गल्ली ओलांडली. वन्सं उंबऱ्यावर बसून जुना स्वेटर उसवत होत्या. डाव्या हाताने लोकर गुंडाळणं चालू होतं.

"वन्सं."

त्या लोकरीच्या गुंड्याला म्हणाल्या, "दारात कुणी आलंय वाटतं."

"अकरा वर्षांनी आलेय. बसा तरी म्हणा."

"तुम्हाला जागा दाखवावी लागते होय? मला वाटलं, दुसऱ्याच्या जागी तुम्ही आपणहून बसता."

लागलं. लागायलाच हवं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फुली, फीतवाला, सोमवार. त्या लोकर गुंडाळत राहिल्या.

"पाडू देत," त्या म्हणाल्या. "माझं नाव तिथे कुठे आहे नाहीतरी."

"नाव माझंही नाही. घोड्यांचं आहे."

हात थांबला. "कुणाचं?"

"घोड्यांचं. तिथे घोडे बांधायचे म्हणे. तुमच्या खळग्यातून चंदी खायचे."

"माझ्या खळग्यातून?" त्या उठून उभ्या राहिल्या. लोकर गल्लीत गडगडत गेली. "माझा अंगठा चिरडला त्या खळग्यात! दोन नखं गेली! आणि घोडे?" मग त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "वहिनी, काय म्हणालात आत्ता? कुणाचा खळगा?"

"ऐकलंत की."

"पुन्हा म्हणा."

"तुमचा."

"इथे नाही. इथे मांजर ऐकतंय नुसतं. उद्या तिथे म्हणा, सगळ्यांसमोर. फोटोवाल्याला सांगितलं होतंत तेवढ्याच मोठ्याने. मग मी पाट्यावर बसेन."

मी म्हणाले, "म्हणेन." आणि गल्लीतला लोकरीचा गुंडा उचलून त्यांच्या हातात दिला. वाकताना कंबर काय म्हणाली ते माझं मला माहीत.

सोमवारी सकाळी बुलडोझर शेडसमोर घरघरत होता. खात्याच्या समितीची माणसं, निम्मं गाव, चहाचे कागदी पेले. वन्सं माझ्या पुढे दोन पावलं चालत होत्या. मागे राहायचं कारण नव्हतं त्यांना. दोरी लावून रस्ता अडवला होता. मी ती काठीने वर केली आणि आम्ही दोघी आत गेलो.

"आजी, अहो धोका आहे," फीतवाला धावत आला.

"धोका तुमच्या नकाशात आहे," मी म्हणाले. "सगळ्यांना आत बोलवा. मला एकदाच बोलायचंय, दुसऱ्यांदा जमायचं नाही."

लोक आत आले. उभ्या जन्मात मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. तेव्हाही घातली नाही, मान वर ठेवूनच म्हणाले, "खिडकीचा पाटा माझा नाही. कधी नव्हता. मी खोटं बोलले. तो माझ्या नणंदेचा आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण फोटो?"

"फोटोही खोटा. आज घरी जाऊन काढते भिंतीवरून. झालं समाधान?"

वन्सं पाट्यावर बसल्या. डाव्या हातात हातोडी घेतली. उजव्या हाताने दगड धरला आणि मारला. एकच घाव. दगड खळग्यात फुटला, जसा काही तिथेच फुटायला जन्मला होता. उजव्या तळव्याने त्यांनी तुकडे कडेवरून लोटले. फीतवाला गुडघ्यांवर बसला आणि त्या कडेवरून बोट फिरवलं. कड काचेसारखी गुळगुळीत. मग तो उठून दुसऱ्या पाट्याकडे गेला, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. अकराच्या अकरा पाट्यांना खळगा उजवीकडे आणि गुळगुळीत कड डावीकडे. एक खिडकीचा तेवढा उलटा.

"काय साहेब," वन्सं म्हणाल्या, "डावरा घोडा कधी बघितलात का?"

सगळी शेड हसली. बुलडोझरचा ड्रायव्हरही खाली उतरून दारात आला होता.

फीतवाला माझ्याकडे वळला. "मग तुमची जागा कुठली, आजी?"

ती मला कुणाला दाखवायची नव्हती. मागच्या दाराजवळ, कोपऱ्यात, बारावा पाटा. तिथे उजेड नाही, फक्त वारा. मी बसले. हाताने मला विचारलं नाही, सरळ खळग्यात गेला. चव्वेचाळीस वर्षांनी पायाखालची जागासुद्धा तीच, टाच टेकायचा खड्डा तोच.

"इथे अंधारात दिसायचं कसं?" त्याने विचारलं.

"दिसायचं नाही. वन्सं उजेडात बसून बघून निवडायच्या. बघून कुणीही निवडेल. मी हातात तोलून निवडायचे." वन्संनी नाक उडवलं, पण खोडून काढलं नाही. "आणा काहीही. त्या तुमच्या पिशवीत काय आहे?"

त्याच्या पिशवीत संग्रहालयाच्या काचेच्या कपाटासाठी आणलेला दगड होता, चिठ्ठी लावलेला, चकचकणारा. मी डोळे मिटले आणि तो तळहातावर घेतला. दोनदा वरखाली केला.

"फोल."

"आजी, हा आमच्या तज्ज्ञांनी निवडलाय. चमकतोय बघा."

"चमकतो म्हणूनच फसलेत. वन्सं, घ्या."

मी दगड फेकला, वन्संनी डाव्या हाताने झेलला आणि साहेबाने नको म्हणायच्या आत फोडला. आत पांढरा, टोकापासून टोकापर्यंत. चमक फक्त सालीला.

फीतवाल्याने ते दोन तुकडे जुळवून पाहिले. मग त्याने नकाशा काढला आणि तबेला शब्दावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. "आज पाडत नाही," तो ड्रायव्हरला म्हणाला. "मी अहवाल बदलतो. पण आजी, शेवटी समिती ठरवेल. तिला गाड्यांसाठी जागा हवीच आहे."

"समितीला सांगा, जागा भरलेली आहे," मी म्हणाले. "दोन पाट्यांवर माणसं बसलीत. आणखी चौघी गावात जिवंत आहेत, उद्या त्याही येतील. तपासणीवाले आले की टेकडीमागे पळायचो, ते दिवस गेले. आता येऊ दे तपासायला."

बुलडोझर मागे सरकत सरकत उतारावरून गेला. समितीची माणसं एकमेकांकडे बघत चहा संपवायला बाहेर निघाली. मी आणखी चार शब्द ऐकवावेत म्हणून उठून त्यांच्यामागे निघाले, तर फीतवाल्याने कागद पुढे केला. बाराही बायांची नावं हवी होती त्याला, पाट्यांच्या क्रमाने. अंधारात मला अक्षरं दिसेनात. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कागद भिंतीला टेकवला आणि पहिलं नाव वन्संचं घातलं.

माझी सावली खिडकीच्या पाट्यावर पडली, आणि पाठीमागे वन्संच्या हातोडीची ठकठक थांबली.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, सोळा वर्षं रोज म्हणायच्या त्याच आवाजात, "उजेड सोडा."