रंगवलेल्या बरगड्या

डोक्यावर उसाच्या वाढ्याची पेंढी घेऊन भिवराबाई स्वतःच्या गायीसमोरून सरळ पुढे निघून गेली. मागून गाय हंबरली तेव्हा तिचे पाय थांबले. आवाज ओळखीचा होता, जनावर ओळखीचं नव्हतं. तिच्या दावणीला कुणाची तरी हाडं निघालेली, पोट खपाटीला गेलेली गाय बांधलेली होती आणि ती मान वळवून तिच्याकडेच बघत होती.

गायीशेजारी एक तरुण उकिडवा बसून कुंचल्यानं शेवटची बरगडी ओढत होता. आधी काळी रेघ, मग दोन बोटांनी ती खालच्या अंगाला फिकट करत न्यायची. हात मोठा सफाईचा होता. एका बाजूच्या बरगड्या तर लांबूनही मोजता आल्या असत्या.

भिवराबाईनं पेंढी जागेवरच टाकली.

आष्टी तालुक्यातली ही दुष्काळातली चारा छावणी गावची दूध संस्था चालवत होती. संस्थेचे चेअरमन भगवानराव काल स्वतः दावणीपर्यंत आले होते. टीव्हीवाले आलेत, शूटिंगला तुमचीच गाय पाहिजे, सगळ्या छावणीत तिच्यासारखं जनावर नाही, असं म्हणाले होते. शूटिंग भिवराबाईला नवं नव्हतं. जनावरं नीट पोसली जातात की नाही हे बघायला तहसिलातून माणूस कॅमेरा घेऊन यायचा, आणि त्या दिवशी जो तो आपलं जनावर घासूनपुसून उभं करायचा. हेही तसंच, पण मोठं शूटिंग असणार असं समजून तिनं पहाटेच गायीचं अंग पोत्यानं घासलं होतं आणि शिंगांना उरलंसुरलं तेल लावलं होतं. शिंगं अजून चकाकत होती. त्याखालची गाय मात्र आठ दिवसांची सोबती दिसत होती.

डोक्यावर टोपी घातलेली एक तरुण बाई धावत आली. ती दिग्दर्शक होती. बोलायला मऊ होती आणि तिनं भिवराबाईला सगळं समजावून सांगितलं. मालिका विनोदी, पण जरा कडू. मुंबईचा एक बुडीत निर्माता बक्षिसाच्या आशेनं दुष्काळावर सिनेमा काढायला येतो. छावणीतली जनावरं बघतो तर धडधाकट. मग तो एका गायीला रंगवून उपाशी करतो. लोक हसतील ते त्या निर्मात्याला, सिनेमावाल्यांच्या हावरटपणाला, असं बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती खोटं बोलत नव्हती.

भिवराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"हसा की त्याला," ती म्हणाली. "पर मंग त्यालाच रंगवा. बरगड्या माज्या गायीला काहून?"

निर्मात्याचं काम करणारा नट छत्रीखाली खुर्चीत बसला होता. तो मोठ्यानं हसला. दिग्दर्शक बाई हसली नाही.

"म्होरं काय होतं गायीचं?" भिवराबाईनं विचारलं.

"पुढे म्हणजे?"

"तुमच्या गोष्टीत. त्याला बक्षीस भेटतं. मंग गायीचं?"

बाईनं हातातले कागद चाळले. दोनदा चाळले. "गाय नंतर येत नाही, आजी."

"म्हंजी तशीच राहाती."

बहात्तरच्या दुष्काळात भिवराबाई नवी सून होती. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, संध्याकाळी गोठ्यात जायची. तिथं गायीची एकेक बरगडी रोज वर येत गेली. एका पहाटे सासऱ्यांनी दावं कापलं आणि गायीला नदीच्या वाटेला हाकलून दिलं. नदीत तेव्हा पाणी नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर किती दुष्काळ आले आणि गेले. पोरं अर्धपोटी निजली, तीही निजली, पण तिच्या गोठ्यात जनावराचं हाड कुणाला दिसलं नाही. बाकी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं नव्हतं. एवढं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं केलेलं होतं.

भगवानराव कडक इस्त्रीचे कपडे घालून आले. मालिकेत त्यांनाही चेअरमनचंच काम मिळालं होतं, चारा खाणाऱ्या चेअरमनचं. त्यावर गावात दोन दिवस हशा पिकला होता आणि त्यात त्यांचा स्वतःचा आवाज सगळ्यात मोठा होता. त्यांनी भिवराबाईला बाजूला घेतलं.

"काकू, आज शेवटचा दिवस हाय त्यांचा. गायीसंगं माजा बी पार्ट हाय. तमाशा करू नका."

"तमाशा मी मांडला का?"

"मंग असं करा. आज गाय घेऊन जा आन् उद्या दावण मोकळी करा. लई लोक वाट बघून ऱ्हायलेत जागंची."

ते आवाज न चढवता बोलले, म्हणून तिला ते खरं वाटलं. छावणीबाहेर हिरवी काडी नव्हती. मुलगा बंकट आणि सून ऊसतोडीला गेलेले, पाडव्याच्या आत परतणार नव्हते. दावण गेली तर पंधरवड्यात बरगड्या आपसूक वर येणार होत्या, रंगाचीही गरज नव्हती. तिनं मान डोलावली असती तर गाय गप्प उभी राहिली असती, शूटिंग झालं असतं, सगळे आपापल्या वाटेनं गेले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं.

भिवराबाई रंगवणाऱ्या तरुणाकडे वळली. "कशानं निघतं रं हे?"

"तेलानं," तो म्हणाला, आणि कुणाकडे न बघता त्यानं पेटीतली बाटली तिच्या हातात दिली.

तिनं तळहातावर तेल ओतलं, गायीच्या कुशीवर चोळलं आणि पदरानं पुसायला लागली. गायीची कातडी थरथरली, मग सैल झाली. एक बरगडी गेली, दुसरी गेली. दिग्दर्शक बाईनं थांबवायला हात वर केला. तो हात तसाच हवेत राहिला. मग तिनं कॅमेरावाल्याला बोटानं खूण केली.

"अहो काकू, दावण..." म्हणत भगवानराव तरातरा आले, आणि त्यांना कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला. तीस वर्षांचं राजकारण अंगात मुरलेलं. चेहरा आपोआप बदलला. त्यांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं काढलं आणि गायीच्या पलीकडच्या बाजूनं स्वतः पुसायला सुरुवात केली.

"आमच्या छावणीत जनावरांची अशीच निगा राखली जाते," ते कॅमेऱ्याला म्हणाले.

शेजारच्या दावणीवरची रतनबाई म्हणाली, "साहेब, शेपटाकडं ऱ्हायलं की." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी शेपटाकडेही पुसलं.

भिवराबाई पुसायची थांबली नाही. दिवा अजून लाल होता. तिनं मान न उचलता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, उद्या माजी दावण हाय का न्हाई?"

भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"तुमचीच हाय की काकू. पाऊस पडंस्तोवर तुमचीच."

"ऐकलं का गं, रतन?"

"ऐकलं. समद्यांनी ऐकलं."

टीव्हीवाले त्या संध्याकाळीच मांजरसुंब्याच्या बाजूनं निघून गेले. त्यांनी ते मालिकेत ठेवलं की कापलं, कुणाला कळलं नाही. छावणीत टीव्ही नव्हता. भगवानराव दुसऱ्या दिवशी नवं उपरणं घालून आले आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

भिवराबाईला दुसरं लुगडं होतं, पण ते चुकून बंकटच्या पेटीत साखर कारखान्यावर गेलेलं. आणि टँकरचं पाणी जनावरांना आणि माणसांना प्यायला कसंबसं पुरायचं. सकाळी वैरणीच्या रांगेत ती उभी राहिली तेव्हा डोक्यावरून खांद्यावर आलेल्या पदरावर काळे पट्टे उतरलेले होते, एकाखाली एक, बाक घेतलेले. रांगेतले लोक बघत होते.

"पदर आत खोच गं," रतनबाई हळूच म्हणाली. "कसं दिसतंय ते."

भिवराबाईनं पदर कपाळावर आणखी पुढे ओढून घेतला आणि रांगेत एक पाऊल सरकली.