उरलेली बातमी पान पाचवर

मित्रांनो, मी एक जुने कात्रण आहे. तळहाताएवढा, पिवळा पडलेला कागद. वर्तमानपत्राच्या कचेरीत, लोखंडी कपाटात, 'रेल्वे : अपघात' असे लिहिलेल्या पाकिटात मी राहतो.

तीस वर्षांपूर्वी मी पहिल्या पानावर छापला गेलो. भर दुपारी एका फाटकात मालगाडीने दुधाच्या गाडीला धडक दिली होती. दूधवाला जन्माचा लंगडा झाला. माझ्या शेवटच्या ओळीत होते, 'फाटकवाल्याला डुलकी लागली होती, असे इंजिनचालकाने सांगितले.'

दुसऱ्या दिवशी कात्रीकाकांनी मला कापले. सारी कचेरी त्यांना याच नावाने ओळखते. बातमी कापायची, जाड कागदावर खळीने चिकटवायची, तारखेचा शिक्का मारायचा, ही त्यांची रीत. कागदाला दोन बाजू असतात, म्हणून कापायला दोन अंक लागतात. हे लक्षात ठेवा.

वर्षभराने एका लेखाने मला उचलले. त्यात लिहिले होते, 'फाटकवाल्याच्या डुलकीमुळे झालेला अपघात'. इंजिनचालक वाटेतच गळून पडला होता. मग एका प्राध्यापकांनी रेल्वेवर पुस्तक लिहिले आणि लेखातले वाक्य जसेच्या तसे घेतले. पुढे एका वार्ताहराने ते पुस्तक पाहून माझ्या समासात पेन्सिलीने लिहिले, 'पुस्तकातही हेच. खात्रीचे.' मी किती फुशारलो!

एकदा ते पुस्तक टेबलावर माझ्या शेजारीच उघडे पडले होते. तळटीपेत त्या लेखाचे नाव होते. आणि त्या लेखाचा आधार म्हणून पुढे माझीच तारीख दिली होती. ज्याच्या खांद्यावर हात टाकून मी उभा होतो, तो माझ्याच खांद्यावर उभा होता. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

गेल्या महिन्यात रेल्वेमार्गाच्या शताब्दीची पुरवणी निघायची होती. त्यात ती डुलकी पुन्हा येणार होती. कुठून तरी कळले आणि फाटकवाल्याची मुलगी कचेरीत येऊन उभी राहिली.

"ताई, पुरवणी सहाला छपाईला जाते," संपादकबाई म्हणाल्या. "तीन ठिकाणी छापून आलंय. तिन्ही खोटं कसं असेल?"

"तीन कुठले हो? एकानं सांगितलं, दोघांनी मान डोलावली. बाबांची नोकरी गेली, ते जाऊ दे. पण तीस वर्षं झाली, दुपारी पाठ टेकत नाहीत ते. अंगात ताप असला तरी खुर्चीत ताठ. म्हणतात, कुणी बघितलं तर? आणि उद्या परत तेच छापणार तुम्ही?"

"पुरावा काय पण?"

"आई म्हणायची, पेपरात पुढे आणखी आलं होतं."

त्या वर्षाचे बांधीव अंक वाळवीने केव्हाच फस्त केले होते. कात्रीकाकांनी मला भिंगाखाली धरले. माझ्या तळाशी अक्षरांचे नुसते माथे उरले होते. त्यांनी ते हळूहळू लावले : 'पान ५ वर'.

"अरे देवा! त्या दिवशी एकच अंक हाताला लागला होता मला. पाचाच्या पाठीवर सहा. सहावर खेळ."

"मग?"

"मग खेळ जिंकला, बाई. फोटो वर, बातमी खळीखाली."

त्यांनी 'खेळ : पोहणे' हे पाकीट काढले. माझ्याच तारखेच्या शिक्क्याखाली चषक घेतलेल्या सात मुलींचा फोटो होता. काकांनी त्यावर ओला स्पंज ठेवला.

"काका, फोटो फाटेल!" संपादकबाई म्हणाल्या.

"फाटू दे. तीस वर्षं हसतायत, पुरे झालं."

खळ सुटली. कागद उलटला. मी माझा उरलेला अर्धा भाग प्रथमच पाहिला. 'फाटकाची घंटा तीन दिवस बंद होती व तशी लेखी तक्रार फाटकवाल्याने केली होती, असे स्टेशनमास्तरांनी मान्य केले. तो लाल निशाण घेऊन गाडीकडे धावत होता, असे दोन वाटसरूंनी सांगितले.'

संपादकबाई घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "हेसुद्धा कुणीतरी सांगितलेलंच की."

"हो ना. मग दोन्ही छापा. कोण म्हणालं तेही छापा. एवढंच मागतेय."

पुरवणीत दोन्ही छापले गेले. आता आम्ही दोघे एकाच कागदावर शेजारी असतो. माझा गोंधळ मात्र मिटलेला नाही. इंजिनचालक तसे खरेच म्हणाला होता. माझ्यात एक शब्द खोटा नव्हता. मग एक माणूस तीस वर्षे खुर्चीत ताठ का बसला? एवढेच सांगतो, मित्रांनो. आम्हाला उचलताना आमची कड तपासा, पाठ उलटून बघा. आणि 'असे अमक्याने सांगितले' एवढे शब्द वाटेत सांडू नका.

पुरवणी निघाली त्या दुपारी काकांचा फोन वाजला. पलीकडे ती मुलगी होती. "काका, हळू बोला. बाबांनी पुरवणी दोनदा वाचली. जेवले आणि पलंगावर आडवे झालेत. ऐका."

काका बराच वेळ फोन कानाला लावून उभे होते. मी पाकिटात होतो, पुढचे मला काहीच ऐकू आले नाही. पलीकडून घोरण्याचा आवाज येत होता, असे कात्रीकाकांनी सांगितले.