दोन ताटं

बायको मथुराबाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी लिंबाजी रोज दोन ताटं वाढायचा. एक तिचं, एक आपलं. आपलं संपलं की तिच्या ताटातली भाकरीही मोडायचा. अन्न टाकायचं कसं? घरात एकटाच, विचारणारं कुणी नव्हतं.

वजन ब्याण्णव किलोवर गेलं. मथुराबाईच्या सहा शेळ्या माळावर न्यायच्या तर चढावरच दम लागायचा, गुडघे धरायचे. शेजारचा महालिंगप्पा त्या दोन महिने चारून आणत होता. एक दिवस तो म्हणाला, "अण्णा, म्या किती दिवस चारू? दसऱ्यापातूर तुमचं पाय चाललं तर बरं, न्हाय तर शेळ्या मलाच द्या. अशानं एक दिवस शेळ्याच तुम्हाला चारायला नेतील!"

लिंबाजी हसला, पण शेळ्या द्यायला तो तयार नव्हता. त्या शेळ्या मथुराबाईनं बाटलीनं दूध पाजून जगवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. शिवरंजनी सिस्टरनं त्याला काट्यावर उभं केलं.

"मामा, दर खेपेला वाढतंच की!"

"काय करू बाई? आमची मथुरा लई वाढायची. नगं म्हटलं तरी वाढायची. तिनंच ही गत केली."

हे तो सगळ्यांनाच सांगायचा. सिस्टरनं जुना कागद काढला. "मावशी होत्या तवा तुम्ही अठ्ठ्याहत्तर होता. चौदा किलो नंतर चढलंय. आता कोण वाढतंय, मामा?"

लिंबाजी काट्यावरून खाली उतरला. खाल्लं आपण आणि नाव घेतलं गेलेल्या माणसाचं, याची त्याला लाज वाटली.

संध्याकाळी परातीत सवयीनं दोघांचं पीठ पडलं. त्यातलं निम्मं त्यानं डब्यात परत टाकलं. ताट एकच घेतलं. "रागावू नगंस," तो मोठ्यानं म्हणाला, "तुझं म्याच खात होतो."

त्या आठवड्यात पोट कुरकुरलं. पुढच्या आठवड्यात एका बारशाला त्यानं पाच जिलब्या खाल्ल्या. पण वजनाला गेल्यावर आपणहून म्हणाला, "म्या खाल्ल्या." आणि रोज सकाळी माळाकडं निघायचा. पहिल्यांदा ओढ्यापर्यंत, मग बांधापर्यंत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महालिंगप्पा आला, तर गोठा रिकामा. तो माळाकडं गेला. शेळ्या वर चरत होत्या आणि लिंबाजी निम्म्या चढावर धोंड्यावर बसला होता. सदरा घामानं भिजला होता.

"काय अण्णा, बसलात?"

"बसलो. पाच किलो उतरलंय, नऊ राहिलंय. तंवर मधी बसावं लागंल."

"मग शेळ्या?"

"शेळ्या वर हायत, दिसंना व्हय?" लिंबाजीनं गुडघ्यावर हात टेकले, उठला आणि चढायला लागला.