खिडकीचा पडदा

नंदनवन कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये हर्षाच्या दोन मांजरी, चिनी आणि गुंडी, दिवसभर खिडकीच्या काचेला नाक लावून बसायच्या. बाहेर गॅलरीत, शेजारच्या झरोक्याला लावलेल्या कुलरवर होल्यांची जोडी येई. "टपूनच बसल्यात पापिणी!" हर्षा करवादायची. शेवटी तिनं खिडकीला जाड पडदा लावला आणि कॉलनीभर सांगत सुटली, "आमच्या घरी पाखराच्या पिसालाही धक्का लागत नाही."

एप्रिलात गावाहून सासूबाई आल्या, जिजाबाई. ऊन मरणाचं. कुलर उघडून धुवायचा, त्याच्या बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या, ही कामं हर्षा रोज उद्यावर ढकलत होती. आता तिनं गॅलरीतून तसाच पाइप आत सोडला, टाकी भरली आणि बटण दाबलं. मांजरी पडदा ओरबाडू लागल्या, तर तिनं दोघींना धपाटे घातले.

संध्याकाळी पाणी किती उरलं ते बघायला जिजाबाईंनी कुलरची फाटकी ताटी बाजूला केली. आत घरट्याच्या काड्या तरंगत होत्या, आणि काड्यांमध्ये दोन उघडी पिल्लं, मेलेली.

"काहून वं, सुरू करायच्या आधी आत पाह्यलं नाही का तुनं?"

'पडदा होता,' हे शब्द हर्षाच्या ओठांवर आले आणि तिनं ते गिळले.

जिजाबाईंनी घरात येऊन पडदा सारला. बाहेर एक होला ताटीच्या भोकाशी घुटमळत होता. दोन्ही मांजरी काचेला चिकटून त्याच्याकडे बघू लागल्या.

"त्या मांजरायले हाकल वं, पाखरू भिऊन राहिलं."

मांजरींवर हर्षाचा हात काही उठला नाही.